तुर्भ्याच्या दाणा मार्केटमध्ये घरचं वाणसामान: काय घ्यावं, किती घ्यावं

नवी मुंबईत तुर्भ्याच्या एपीएमसीत, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीच्या घाऊक बाजारात, घरचं सामान भरायला जाणं परवडतं का? डाळी, कडधान्यं, शेंगदाणे आणि सुक्या मिरच्यांसाठी हो. गहू-तांदळासाठी तीन-चार घरं मिळून गोणी वाटून घेणार असाल तरच. भाजीसाठी नाही. घाईत असलेल्यांनी इथेच थांबायला हरकत नाही. पण जायचं ठरलं असेल, तर निघण्याआधी घरच्या ताटाचा हिशेब करा. तिथे भाव ऐकून यादी केली की नको ते दुप्पट येतं आणि हवं ते निम्मंच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यांत २००० कॅलरींच्या दिवसाला धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं (किंवा अंडी-मांस-मासे) ८५ ग्रॅम, दाणे-तीळ-जवस-सुकामेवा ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम धरलं आहे. चार मोठ्या माणसांच्या शाकाहारी घराला याचे महिन्याला धान्य ३० किलो, डाळी-कडधान्यं १० किलोच्या थोडी वर, दाणे-तीळ वगैरे ४ किलो आणि तेल-तूप सव्वातीन किलो होतात. आता वाण्याकडे जाणारी ठरलेली यादी आठवा: तूरडाळ दोन किलो, मूगडाळ एक, चणाडाळ अर्धा, मटकी अर्धा आणि तेलाचा पाच लिटरचा डबा. म्हणजे डाळी गरजेच्या निम्म्याही नाहीत आणि तेल सव्वा किलोने जास्त. दाणा मार्केटची फेरी उपयोगी पडते ती हीच उलटी मापं सरळ करायला.

माणशी ८५ ग्रॅम ऐकायला जास्त वाटतात. दुपारच्या उसळीला ६० ग्रॅम कोरडं कडधान्य आणि रात्रीच्या आमटीला २५ ग्रॅम डाळ घेतली की ते संपले. चौघांना मटकी २४० ग्रॅम, आमटीला डाळ १०० ग्रॅम. हे सगळं एकट्या तुरीवर भागवायला गेलं तर खिसा आणि पोट दोन्ही तक्रार करतात. त्यापेक्षा तूरडाळ ३ किलो, मूग आणि मूगडाळ मिळून २, मसूर दीड, मटकी दीड, चवळी १, हरभरे १ आणि वाल किंवा कुळीथ अर्धा किलो अशी साडेदहा किलोंची विभागणी जमते. वाल सोलायचा कंटाळा असेल तर कुळीथ घ्या, पिठलंही होतं.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने तुर्भे आणि तिथून रिक्षा. रविवारी दाणा मार्केट बंद असतं. आत शिरल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही की सगळे गाळे सुट्टं देत नाहीत. काही फक्त गोणी विकतात, काही पाच-दहा किलोंपासून देतात. भाव अनेकदा क्विंटलचा सांगतात; ११,५०० म्हणजे किलोला ११५. अख्खी गोणी घेताना वजन बारदानासकट आहे की निव्वळ, हे आधी विचारा. तागाचं रिकामं पोतं अर्धा-पाऊण किलोचं असतं आणि तेवढी डाळ उगीच कमी येते. गोणी गाडीपर्यंत न्यायची हमाली वेगळी, तीही भाव ठरतानाच विचारावी. २६ किंवा ३० किलोंच्या पिशव्या जागोजागी दिसतात, त्यामागे कर आहे: १८ जुलै २०२२ पासून २५ किलोंपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी लागला, म्हणून पिशवी त्या मापापलीकडे गेली.

फायदा किलोमागच्या फरकावर मोजू नका, फेरीवर मोजा. समजा किलोमागे १२ रुपये वाचले आणि जाण्यायेण्याचा, हमालीचा खर्च ३६० झाला, तर पहिले ३० किलो नुसते भाड्यात गेले. एकट्या घराने साडेदहा किलो डाळींसाठी जाणं म्हणूनच तोट्याचं. तीन महिन्यांच्या डाळी एकदम घेतल्या किंवा सोसायटीतल्या चार घरांची यादी एकत्र केली, तर गणित बसतं.

माल पाहताना तूरडाळ मूठभर घेऊन कोरड्या पांढऱ्या रुमालात चोळा. रुमाल तेलकट झाला किंवा डाळ फार चकचकीत आणि निसरडी लागली, तर ती तेल लावून पॉलिश केलेली आहे. लाखेच्या (खेसारी) डाळीची भेसळ ओळखायला दाणे पसरून बघा: तुरीचा दाणा गोलसर असतो, लाखेचा एका बाजूला उतरता, कडा असलेला. शेंगदाणे चव घेतल्याशिवाय घेऊ नयेत. दहा दाणे फोडा. आत काळपट किंवा हिरवट बुरशी दिसली, कडू-खवट लागलं, तर तो गाळा सोडा. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजूनही पुरतं जात नाही. तांदळात ‘वाडा कोलम’ हा शब्द फार सैल वापरला जातो. वाड्याच्या कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तो पिकतो मर्यादित भागात. साध्या कोलमच्या भावात तो कोणी देत असेल तर तो साधा कोलमच असतो. तांदूळ जुना आहे का हे विचारायचं ते पाण्यासाठी: नव्याला पाणी कमी लागतं, नेहमीच्या मापाने भात गिचका होतो.

खरी परीक्षा घरी आल्यावर. इथल्या दमट हवेत सोंडे आणि जाळी पावसाळ्याची वाटही पाहत नाहीत. एप्रिल-मेच्या उन्हात माल पातळ पसरून दोन-तीन दिवस वाळवावा आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावा. गरम भरला की आत पाणी सुटतं आणि वाळवलेलं फुकट जातं. गच्ची मिळत नसेल तर एक-एक किलोच्या घट्ट पिशव्या करून चार दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवा, अळी आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर दव धरतं. तूरडाळीला किलोला चहाचा चमचाभर एरंडेल चोळून ठेवायची जुनी रीत अजून कामाची आहे, फक्त शिजवण्याआधी डाळ कोमट पाण्याने धुवा.

तीन महिन्यांपेक्षा जास्त साठा मात्र करू नका, विशेषतः हरभरे, काबुली चणे, राजमा यांचा. उष्ण दमट हवेत पडून राहिले की त्यांची सालं आणि आतला गर कठीण होतो, मग चार शिट्ट्यांनंतरही उसळीत गणंग राहतात. त्यात कुकर बिचारा निर्दोष असतो. शेंगदाणे महिन्याचेच आणा, फार तर दीड. चार किलोंचा वाटा तीन किलो दाणे, अर्धा किलो तीळ आणि अर्धा किलो जवस-कारळे असा केला की चटण्यांतच निम्मा संपतो.

ज्वारी इथून घ्यावी. मालदांडी जातीची, नवी असेल तर उत्तम. पण दळताना हात आखडता ठेवा: ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांचंच. पुढे त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडेला चिरा पडतात आणि उलटताना ती हातातच तुटते. मग उकड काढून थापायची वेळ येते. बाजरीचं पीठ त्याहून नाजूक, त्यातल्या तेलामुळे पाच-सहा दिवसांत कडवट होतं. चौघांना रोज एक वेळ भाकरी, माणशी १०० ग्रॅम पीठ धरलं तर गिरणीत एका वेळी ज्वारी तीन-साडेतीन किलो आणि बाजरी दीड-दोन किलोच टाका, उरलेला दाणा डब्यात राहू द्या.

भाजी मार्केट शेजारीच आहे आणि ढीग पाहून मोह होतो. चौघांना दिवसाला १६०० ग्रॅम भाजी लागते. पालेभाजीच्या दहा जुड्या एकदम आणल्या तर तिसऱ्या दिवशी निम्म्या पिवळ्या पडतात. कांदे-बटाटे तेवढे पाच-पाच किलो घ्या, तेही वेगवेगळ्या पिशव्यांत; कांद्याजवळ ठेवलेल्या बटाट्याला लवकर कोंब येतात. बाकीची भाजी आठवड्यातून दोनदा घराजवळूनच घ्या, ठाण्यात जांभळी नाक्यावरून.