ऑनलाइन मार्केटप्लेसवर दीड वर्ष विकून बघितलं, पाचपैकी तीन स्टार

भिंतीवर लावायचे लाकडी की-होल्डर विकते मी. चार हूक आणि वर एक छोटी फळी, बस एवढंच. नवरा कापून देतो, घासणं पॉलिश पॅकिंग सगळं माझं. दीड वर्षापूर्वी एका मोठ्या मार्केटप्लेसवर सेलर अकाउंट उघडलं, नाव घेत नाही कारण अकाउंट अजून चालू आहे आणि मला ते चालूच ठेवायचंय. ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारतात की आम्ही पण सुरू करू का, दरवेळी तेच तेच सांगायचा कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकते. रिव्ह्यू विकणाऱ्याच्या बाजूने आहे हं, घेणाऱ्याच्या नाही.

सुरुवात खरंच सोपी आहे. कागदपत्रं टाकली, बँक खातं जोडलं, फोटो चढवले, झालं दुकान. फोटोत मात्र माझा एक आठवडा गेला कारण मुख्य फोटोचं बॅकग्राउंड पांढरंच लागतं आणि पांढरं म्हणजे आपल्याला दिसतं तसलं पांढरं नाही, लाल हिरवा निळा तिन्ही आकडे २५५ असलेलं शुद्ध पांढरं. मी चादर अंथरून काढलेला फोटो दोनदा रिजेक्ट झाला, शेवटी खिडकीशी कार्डशीट उभी करून काढला आणि बाकीचं ॲपमध्ये साफ केलं.

अकराव्या दिवशी पहिली ऑर्डर आली. नातेवाईक नाही, मैत्रीण नाही, कोणीतरी पूर्ण अनोळखी माणूस. याचे पूर्ण मार्क द्यायलाच हवेत, कारण स्वतःची वेबसाइट काढली असती तर अकरा महिन्यांत पण तिथे कोणी फिरकलं नसतं. ही पद्धत तशी जुनीच आहे, ॲमेझॉनने २००० सालीच स्वतःच्या साइटवर बाहेरच्या विक्रेत्यांना जागा दिली आणि २००६ मध्ये तुमचा माल आमच्या गोदामात ठेवा, पॅकिंग डिलिव्हरी आम्ही बघतो ही सोय काढली. मी जिथे विकते तिथेही गोदामाचा पर्याय आहे पण महिन्याला चाळीस नग विकणाऱ्याने पडून राहिलेल्या मालाचं भाडं कशाला भरायचं, म्हणून मी घरूनच पाठवते.

आता खरा विषय, पैसे. डॅशबोर्डवर मोठ्या अक्षरात दिसते ती विक्री. पहिले दोन महिने मी तो आकडा बघून खूश, आणि खात्यात जमा होतंय ते बघून डोक्यात काही शिरेना. मग एका रविवारी सेटलमेंट रिपोर्ट, म्हणजे प्रत्येक ऑर्डरमागे काय काय कापून किती जमा केलं त्याचा हिशोब, डाउनलोड केला आणि एकेक ओळ वाचत बसले (हे काम पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं, मी नाही केलं). प्रत्येक ऑर्डरला कुरिअरचं वजन लागलेलं अडीच किलो. माझा की-होल्डर आहे ३८० ग्रॅमचा! मला वाटलं त्यांची चूक, तावातावाने तिकीट, म्हणजे सपोर्टला ऑनलाइन तक्रार, टाकलं. चूक माझी होती.

झालं असं की मी किराणावाल्याकडून येतात तसले तयार खोके घेतले होते, ३५ बाय २५ बाय १२ सेंटीमीटर, आत भरपूर बबल रॅप, मला वाटलं छान सुरक्षित पॅकिंग. कुरिअरवाले काट्यावरचं वजन आणि जागेचं वजन यातलं जे जास्त असेल ते धरतात. जागेचं वजन म्हणजे व्हॉल्युमेट्रिक, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये आणि भागिले साधारण ५०००. माझ्या खोक्याचे होतात २.१ किलो, आणि अर्ध्या अर्ध्या किलोचे टप्पे असल्यामुळे बिल अडीचचं. म्हणजे मी दोन महिने हवा कुरिअर करत होते. मग मापाचे खोके करून घेतले, ३० बाय १२ बाय ६, त्याचे येतात ४३२ ग्रॅम, खोक्यासकट काट्यावरचं वजन ४५०, सरळ अर्ध्या किलोच्या टप्प्यात बसलं. लाकूड तेच, हूक तेच, नुसता पुठ्ठा बदलला आणि तोट्यातला धंदा फायद्यात आला.

आत्ताचा हिशोब माझ्या वहीतला सांगते. शंभराला विकलं तर १४ कमिशन, २२ कुरिअर आणि ठरलेली फी, ३५ माल आणि खोका, ९ जाहिरात, ६ रिटर्नमध्ये बुडतात. उरतात १४, आणि त्यात माझी मजुरी धरलेलीच नाही. प्रत्येकाचे आकडे वेगळे येतील पण किंमत ठरवायच्या आधी अशी ओळ लिहून बघा, मी किंमत शेजारच्या लिस्टिंगपेक्षा थोडी कमी एवढ्याच हिशोबाने ठरवली होती, अक्कल बघा.

जाहिरातीबद्दल थोडक्यात, क्लिकमागे पैसे जातात, ऑर्डर आली काय न आली काय. ऑटो मोडवर ठेवलं तर चावी बनवणारे शोधणाऱ्यांना पण माझी फळी दाखवतात. नको ते शब्द वगळायची सोय असते, आधी ती वापरा.

रिटर्न. सुरुवातीला दर दहातला एक परत येत होता, कारण एकच, वर्णनाप्रमाणे नाही. तुटलेला नाही, रंग उडालेला नाही, मग काय? एका बाईंनी रिव्ह्यूत लिहिलं तेव्हा कळलं, स्क्रू नाहीत. फोटोत लावलेला दिसतो म्हणजे स्क्रू सोबत येणार असं लोक धरून चालतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. ईबे नावाच्या लिलावाच्या साइटवर १९९५ मध्ये विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे तुटलेला लेझर पॉइंटर असं सांगतात, आणि तो तुटलेला आहे हे घेणाऱ्याला माहीत होतं. तुटलेलं सांगून खपलं आणि माझं धडधाकट परत येतंय. मग दोन स्क्रू दोन प्लग एका छोट्या पाऊचमध्ये घातले, तिसऱ्या फोटोत पाऊच दाखवला, रिटर्न निम्म्याहून खाली आले.

पण काही रिटर्नना इलाज नाही. एकदा खोका परत आला, माझाच खोका, माझंच लेबल, आत कोणाचा तरी जुना प्लास्टिकचा हूक. माझा की-होल्डर गायब आणि पैसे गिऱ्हाइकाला परत. क्लेम टाकला तर पॅकिंगचा पुरावा मागितला, तो माझ्याकडे कुठला. सपोर्टला तीन तिकिटं टाकली, तिन्हीला तेच ठरलेलं उत्तर, तुमची गैरसोय आम्ही समजतो. समजा बापडे. तेव्हापासून प्रत्येक नग पॅक करताना एका शॉटमध्ये व्हिडिओ, वस्तू आत जाताना आणि लेबल वाचता येईल असं, मध्ये कट नाही. परत आलेला खोका उघडताना पण तसाच. त्यानंतर दोन क्लेम टाकले आणि दोन्ही पास झाले.

छोट्या सेलरला टोचते ती टक्केवारी. ॲमेझॉनचा नियम जगजाहीर आहे, खराब ऑर्डरचं प्रमाण १ टक्क्याच्या खाली हवं, बाकीकडेही असलंच काहीतरी असतं. हजार ऑर्डरवाल्याला नऊ चुका चालतात, माझ्या चाळीस ऑर्डरमध्ये एक जण चिडला की सरळ अडीच टक्के. मला वॉर्निंगचा मेल आला तेव्हा रात्रभर झोप नव्हती, आणि माझ्या बाजूने बोलायला तिथे माणूस नाही, फॉर्म आहे.

आणि गिऱ्हाईक आपलं नाहीच. मी खोक्यात फोन नंबर असलेलं कार्ड घालायचा विचार करत होते, नियम वाचले, चालत नाही. दीड वर्षात सहाशेच्या वर लोकांकडे माझी फळी लागलीये आणि त्यातल्या एकालाही मी स्वतःहून नवीन डिझाइन आलंय म्हणून कळवू शकत नाही.

तर तीन स्टार, तिन्ही गिऱ्हाईक आणून देण्याचे. एक कापला सपोर्टचा, एक त्या टक्केवारीचा. खोक्याचा नाही कापला, तो माझा मूर्खपणा. तो प्लास्टिकचा हूक पॅकिंगच्या टेबलाशेजारी लावलाय, चिकटपट्टीचा रोल अडकवायला बरा पडतो.