घरगुती गाडी: रबर बँड की सापळ्याची स्प्रिंग?

जळगाव-भुसावळकडे केळीच्या खोक्यांचा पुठ्ठा मुबलक, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा प्रश्न मिटला. चाकांना जुन्या सीडी, आसाला सरळ काडी. खरा प्रश्न जोर कुठून आणायचा.

रबर बँड सोपा. एक टोक पुढे अडकवा, दुसरं मागच्या आसावरच्या खिळ्याला, चाकं उलटी फिरवा, सोडा. गाडी झटकन सुटते. पण सगळा जोर सुरुवातीलाच, त्यामुळे गुळगुळीत फरशीवर चाकं जागीच गरगरतात. फुग्याची पट्टी चाकावर चढवली की पकड येते. शिवाय खान्देशच्या उन्हाळ्यात गच्चीवर राहिलेला बँड लवकर चिरतो.

उंदराच्या सापळ्याची स्प्रिंग खटपटीची, पण माझं मत तिलाच. तिच्या दांड्याला ३० सेंमीची काडी बांधा, टोकाची दोरी आसाला गुंडाळा. काडी अर्धं वर्तुळ फिरते तेव्हा सुमारे ६० सेंमी दोरी सुटते. आस ५ मिमी जाडीचा असेल तर तो जवळजवळ ३८ वेळा फिरतो. सीडीचा व्यास १२ सेंमी, म्हणजे हिशेबाने १४ मीटर! घर्षण त्यातलं थोडं खातंच. काडी आखूड केली तर ओढ वाढते, अंतर घटतं. दोरीला आसावर गाठ मारू नका, नुसता फासा अडकवा. नाहीतर शेवटी तीच ब्रेक लावते.

सापळा ताणताना मात्र मोठ्यांचाच हात हवा, बोटं सापडली तर लहानग्यांचं रडं आवरत नाही. पहिली-दुसरीतल्या पोरांना रबर बँडच द्या.