बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट : सहा महिने वापरून झाल्यावर

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बाबांच्या लॅपटॉपवर तो मेसेज सारखा यायला लागला. लॅपटॉप २०१६ चा, सहाव्या पिढीचा आय-थ्री, रॅम ४ जीबी, त्यामुळे विंडोज ११ चा प्रश्नच नव्हता, त्याला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. दुकानदार म्हणाला नवीन घ्या. पण मशीन धडधाकट, कीबोर्ड चांगला, स्क्रीनवर एक ओरखडा नाही आणि बाबांचं काम काय तर सोसायटीचे हिशोब, मराठीतल्या नोटिसा, थोडी बँक, थोडं यूट्यूब. एवढ्यासाठी चाळीस हजार घालायचे मला अजिबात पटेना.

मग लिनक्स मिंट लावलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, आवृत्ती २२.२, एक्सएफसीई एडिशन. मिंटचे तीन प्रकार मिळतात, सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई, त्यातलं एक्सएफसीई सगळ्यात हलकं, ४ जीबी रॅम असेल तर डोळे झाकून तेच घ्या. आतून हे सगळं उबुंटू २४.०४ या दुसऱ्या एका लिनक्सवर उभं आहे, २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आणि खाली मेनू, कोपऱ्यात घड्याळ, म्हणजे विंडोजची सवय असलेल्या माणसाला बावरायला होत नाही.

सुरुवात करणाऱ्यांना माझं एकच कळकळीचं सांगणं आहे, पहिल्याच दिवशी इन्स्टॉल करू नका. मिंटच्या साइटवरून आयएसओ फाइल (अख्खी सिस्टीम असलेली एकच फाइल) उतरवायची, ३ जीबीच्या आसपास आहे, रूफस किंवा एचर या फुकट प्रोग्रॅमने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवायची (पेनड्राइव्हवरचं सगळं जातं, आधी रिकामा करा) आणि लॅपटॉप चालू करताना एफ१२ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे जे बटण असेल ते दाबून पेनड्राइव्हवरून बूट करायचं. मिंट तसंच चालू होतं, हार्डडिस्कला हातही लागत नाही. आवाज येतोय का, ब्राइटनेस कमी-जास्त होतोय का, कॅमेरा, प्रिंटर, वायफाय, सगळं तिथंच तपासून घ्या. थोडं हळू चालतं कारण पेनड्राइव्हवरून चालतंय, त्यावरून मत बनवू नका.

आमचं घोडं वायफायवरच अडलं. यादीत एकही नेटवर्क दिसेना. लॅपटॉपमधल्या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, ओपन सोर्स नाही म्हणून तो आपणहून चालू होत नाही एवढंच कारण होतं, पण तेव्हा पोटात गोळा आला होता. मग फोन केबलने लॅपटॉपला जोडला, यूएसबी टेदरिंग चालू करून फोनचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं, मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्याने कार्ड ओळखून ड्रायव्हर सुचवला, तो टाकला आणि नेटवर्क्स दिसायला लागली. एकदा खात्री झाल्यावर दोनेक हजारांची एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क) आणून बसवली आणि मिंट तिच्यावर टाकलं. जुनी हार्डडिस्क जशीच्या तशी कपाटात आहे, बॅकअपचा बॅकअप. तुम्ही त्याच डिस्कवर टाकणार असाल तर फोटो-कागदपत्रं आधी बाहेर काढा, आणि इन्स्टॉलर विंडोजच्या शेजारी टाकू की डिस्क पुसून टाकू असं विचारतो ती ओळ दोनदा वाचा. शेजारी टाकलंत तर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागं गेलेलं दिसू शकतं, माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर झालं होतं. लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजतं म्हणून ते होतं, घाबरायचं कारण नाही, टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एका कमांडने सुटतं.

आता मराठी, कारण बाबांसाठी खरी परीक्षा तीच होती. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट म्हणून मराठी इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीचा प्रमाण कीबोर्ड, जोडला की झालं, वेगळं सॉफ्टवेअर नको. बाबा इनस्क्रिप्टवरच टाइप करतात. पहिलीच नोटीस होती पाण्याच्या टाक्या धुण्याची, त्यात 'दुसऱ्या मजल्यावरील' आलं आणि तो ऱ्या नीट येतो का हे मी शेजारी बसून बघत होते. शिफ्ट धरून जे, मग डी, मग य आणि काना. ऱ्या बरोब्बर उमटला, तुटका र नाही की मध्ये गोल ठिपका नाही. बाबा काही बोलले नाहीत, पुढची ओळ टाइप करायला लागले, आणि माझ्या जीवात जीव आला. ज्यांना इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय आहे त्यांनी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस-एम१७एन टाकावं, त्यात फोनेटिक आणि आयट्रान्स दोन्ही मिळतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फाइल्स मात्र आधी अगम्य दिसल्या, तो फॉन्ट विंडोजमधून आणून टाकल्यावर वाचता आल्या.

लिबरऑफिस सोबतच येतं. एक्सेलमधले मेंटेनन्सचे हिशोब उघडले, बेरजा-वजाबाक्या जागच्या जागी. वर्डमधली टेबलं असलेली पत्रं थोडी सरकतात, बाहेर पाठवायचं असेल तर पीडीएफ करूनच पाठवा. प्रिंटर वायफायवर होता, आपणहून सापडला, ड्रायव्हरची सीडी शोधायला लागली नाही. आणि टाइमशिफ्ट नावाचं जे आहे ते पहिल्या दिवशी चालू कराच, एखाद्या अपडेटने बिघडलं तर सिस्टीम कालच्या अवस्थेत परत नेता येते. तुमच्या स्वतःच्या फाइल्सचा बॅकअप मात्र ते घेत नाही, तो वेगळा घ्यायचा.

सगळ्यांनी टाका असं मी म्हणणार नाही. टॅली, कोरलड्रॉ किंवा एमएस ऑफिसचे मॅक्रो यांवर तुमचं पोट असेल तर विंडोज राहू द्या. टेंडर-जीएसटीसाठी डिजिटल सिग्नेचरचा टोकन वापरत असाल तर तो लिनक्सवर चालतो का हे आधी पेनड्राइव्हवरच बघा.

मिंट २००६ मध्ये क्लेमाँ लफेब्र यांनी सुरू केलं आणि आजही ते बऱ्याच अंशी लोकांच्या देणग्यांवर चालतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, बाबांच्या नावाने थोडे पैसे मीही पाठवले. फुकट म्हणजे इथं चोरून कॉपी केलेलं नाही, वापरायची, वाटायची, बदलायची रीतसर परवानगी आहे, त्यामुळे तोच पेनड्राइव्ह कुणालाही उजळ माथ्याने देता येतो.

बाबांनी तो परवा खालच्या मजल्यावरच्या काकांना दिलाय. त्यांचाही लॅपटॉप आठ-नऊ वर्षांचा आहे, रविवारी लावून बघायचं ठरलंय, आधी त्यांचं वायफाय दिसतंय का बघू, मग पुढचं.