पडवीची झड अडवायला झाप की ताडपत्री?

मे संपत आला की कोकणात हा प्रश्न घरोघरी येतो. कौलाची पागोळी बाहेर पडते, पण वाऱ्याबरोबर आडवी येणारी झड थेट ओटीपर्यंत पोचते. ती अडवायला झाप, म्हणजे माडाच्या झावळांचा विणलेला पडदा, नाहीतर ताडपत्री.

खर्च बघायचा तर घरचे माड असतील त्याला झाप जवळजवळ फुकट. मेहनत मात्र भरपूर. सुकलेली झावळं दोन-तीन दिवस पाण्यात भिजत घालायची, नाहीतर विणताना पाती मोडतात. मग मधला दांडा उभा चिरायचा आणि एक पात वर, एक खाली असं विणत जायचं. बांधताना सुरुवात खालून. वरचा झाप खालच्यावर वीतभर तरी चढला पाहिजे, अगदी कौलासारखा. उलटं बांधलंत तर पाणी आत उतरतं. सुंभाची गाठ भिजली की आवळते, हा फायदाच.

ताडपत्री तासाभरात लागते. पण वाऱ्यात ती शिडासारखी फुगते आणि आधी कडीपाशी फाटते. म्हणून खालच्या कडेला बांबू गुंडाळा, दोरी थोडी सैल ठेवा. पातळ निळी घेऊ नका, उन्हाने तिचा चुरा होतो. शिवाय तिच्यामागे हवा कोंडते. वाळत घातलेले कपडे कुबट येतात.

झाप एकाच पावसाचा, नंतर चुलीत. जाड ताडपत्री नीट वाळवून ठेवली तर तीन-चार पावसाळे काढते.

माणसं घरात असतील, पडवीत बसणं-उठणं असेल तर झाप. बंद घर, लाकडं किंवा दुचाकी झाकायची असेल तर ताडपत्री.