एका कोरवर चालणारी एसएफपी जोडी: माल चोख, सोबतचा कागद कुचकामी

नागपुरात कळमन्याच्या बाजूला आमची डाळ मिल आहे. गेटवर धर्मकाटा, ऑफिस पार मागच्या टोकाला, मधे साडेतीनशे मीटर तरी असतील. तांब्याच्या केबलवर इथर्नेट शंभर मीटरपर्यंतच नेता येतं. म्हणून मधे एक स्विच टाकून काम भागवलं होतं, पण पावसाळ्यात वीज कडाडली की एखादा पोर्ट गेलाच म्हणून समजा. शेवटी चार कोरचं, म्हणजे आत काचेचे चार तंतू असलेलं सिंगल मोड फायबर टाकलं. तेही नालीच्या खोदकामात जेसीबीनं ओढलं. तुटलेलं टोक जोडून घेतलं, तर चारातला एकच कोर धड निघाला, बाकीचे आत आणखी कुठंतरी गेलेले. पुन्हा खोदायचं नाव काढलं की शेठजींचा चेहरा बघवत नाही.

एसएफपी म्हणजे स्विचच्या खाचेत बसणारं, फायबरमधून प्रकाशानं बोलणारं छोटं मॉड्यूल. साध्या एसएफपीला दोन कोर लागतात, एक पाठवायला आणि एक घ्यायला. बायडाय, म्हणजे दुतर्फा, जोडीचं काम एकाच कोरवर होतं, कारण एक मॉड्यूल १३१० नॅनोमीटरवर पाठवतं आणि १५५० वर ऐकतं, तर दुसरं बरोब्बर उलटं. सीताबर्डीच्या एका दुकानातून अडीच हजारांच्या आत जोडी मिळाली. एक गिगाबिट, वीस किलोमीटरची. नावाजलेल्या कंपनीची नाही, कुण्या आयातदाराचं स्टिकर लावलेली. आमच्या दोन्ही स्विचनी बिनबोभाट ओळखली. काही मोठ्या कंपन्यांचे स्विच परका मॉड्यूल घालताच पोर्ट बंद करतात, तेव्हा घेण्याआधी विचारून घ्या.

मॉड्यूलवर एक छोटी कडी असते. आमच्या जोडीत १३१० वर पाठवणाऱ्याची निळी, १५५० वाल्याची पिवळी. दुकानातला पोरगा म्हणाला, ‘भाऊ, दोन निळे नेसान तर दिवा कवाच लागनार नाही.’ खरंच आहे. दोघंही १३१० वर बोलणार आणि १५५० ची वाट बघत बसणार. बसवणं सोपं आहे. स्विच चालू असतानाच खाचेत सरकवायचं, टक् आवाज येईपर्यंत. काळं रबरी टोपण शेवटच्या क्षणी काढायचं, आणि आत डोळा लावून ‘लाइट येते का’ हे अजिबात बघायचं नाही. तो लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

खरा घोळ फायबरवाल्याच्या पिशवीत होता. तो घरोघरी इंटरनेटची जोडणी करणारा, त्यामुळे त्याच्याकडे सगळी हिरव्या टोकाची पिगटेल, म्हणजे एका टोकाला कनेक्टर असलेले फायबरचे तुकडे. हिरवं म्हणजे एपीसी, त्याचं तोंड आठ अंशांत तिरपं घासलेलं असतं. एसएफपीला सपाट तोंडाचं निळं यूपीसी लागतं, तेही एलसी नावाच्या छोट्या कनेक्टरचं. ‘चालून जाते ना भाऊ, लाइटच तर जायची हाय,’ असं त्याचं म्हणणं. मी निळं आणायला पाठवलं. तिरपं तोंड सपाटाला भिडलं की मधे फट राहते, प्रकाशाची पॉवर पडते, आणि मग दोष मॉड्यूलच्या माथी.

या जोडीत मला सगळ्यात आवडलं ते डीडीएम, म्हणजे मॉड्यूलनं आपली तब्येत आपणच सांगायची सोय. स्विचच्या पानावर मॉड्यूलचं तापमान, व्होल्टेज, पाठवलेली आणि मिळालेली पॉवर, सगळं दिसतं. पहिल्यांदा लावलं तेव्हा काट्याच्या बाजूला मिळालेली पॉवर मायनस १४ डीबीएम येत होती. एवढ्याशा अंतराला हे फारच कमी. टोक क्लीनर पेननं पुसलं, पुन्हा लावलं, मायनस ७. डाळीची भुकटी आमच्याकडे हवेतच असते, दुसरं काय होणार! शंभर-दोनशे रुपये वाचवायला डीडीएम नसलेलं घ्याल, तर असं काही झालं की नुसते चाचपडत बसाल.

तरीही दिवा एकाच बाजूला लागला. ऑफिसच्या स्विचवर लिंक दिसतेय, काट्याच्या स्विचवर नाही. आधीच्या टेक्निशियननं ऑफिसचा पोर्ट हातानं एक गिगावर बांधून ठेवला होता आणि काट्याचा ऑटोवर, म्हणजे समोरच्याशी बोलून आपणच ठरवण्यावर, होता. एक गिगाबिट फायबरवर असं झालं की बांधलेली बाजू चालू दाखवते आणि ऑटोवाली बंदच राहते. दोन्ही ऑटोवर टाकले, लगेच लागला. डब्यातल्या कागदावर यातलं अक्षर नाही. चार ओळी छापायला यांचं काय जात होतं?

आता उन्हाचं. हे मॉड्यूल ० ते ७० अंशांचं आहे. काट्याची केबिन टिनाची आणि स्विच बंद लोखंडी डब्यात. मेमधल्या दुपारी डीडीएमवर ६६ दिसलं तेव्हा डब्याचं दार काढून टाकलं आणि तो उत्तरेच्या भिंतीवर हलवला. मग पारा पन्नाशीच्या आसपास आला. नागपुरात उघड्यावरच्या डब्यासाठी घेणार असाल तर जास्तीचे पैसे टाकून इंडस्ट्रियल, म्हणजे ८५ अंशांपर्यंतचंच घ्या. ऑफिसात एसीखाली ठेवायचं असेल तर हेच बरं.

पाचपैकी चार. एक तारा कापला तो कागदासाठी आणि दुकानदारासाठी, सुटं पिवळं मॉड्यूल मागितलं की ‘जोडीच घ्या’ म्हणतो.