उद्यमनगरात छापून मिळणारा नाकतोडा: सांधे पक्के, मिशा मात्र नकोत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका थ्रीडी प्रिंटिंगच्या दुकानात पाय वळवता येणारा नाकतोडा छापून मिळतो. सहाही पाय छातीला जोडलेत, पोटाला नाहीत, खऱ्या किड्यासारखेच. हे फार आवडलं.

खरी करामत सांध्यात आहे. पायाच्या टोकाला ८ मिमीचा गोळा, अंगात वाटी, वाटीच्या काठाला दोन चिरा. चिरांमुळे वाटी किंचित उघडते, गोळा टक्कन बसतो आणि दिलेल्या पोझमध्ये टिकतो. पीएलए या नेहमीच्या छपाईच्या प्लास्टिकमध्ये ही वाटी लवकर तडकते, शिवाय उन्हात तापलेल्या गाडीत खेळणं वाकडं होतं. म्हणून पीईटीजी हे चिवट प्लास्टिकच मागा. पाय आडवे ठेवूनच छापायला सांगा. उभे छापले तर थर गोळ्याच्या मानेतून आडवे जातात आणि पाय तिथेच मोडतो. पावसाळ्यात कोल्हापूरच्या दमट हवेत फिलामेंट, म्हणजे छपाईची प्लास्टिकची तार, पाणी धरतं, मग अंगभर केसांसारखे तंतू येतात. आधी ६५ अंशांवर सहाएक तास वाळवलंय का, एवढं विचाराच.

तक्रार मिशांची. २ मिमी जाडीच्या, टोकदार, सहज तुटणाऱ्या. त्या काढून डोक्यावर बोथट उंचवटे करून घ्या. पुढचे पाय जेमतेम ४० मिमीचे आहेत. निघाले तर ३१.७ मिमी व्यासाच्या लहान-भाग चाचणीच्या नळीत पूर्ण मावतात, म्हणजे लहान मुलाच्या घशात अडकू शकतात. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात हा नाकतोडा अजिबात देऊ नका.