कॉलची मिनिटं मोजणारं ॲप: बरेच महिने वापरल्यानंतर

माझ्याकडे मर्यादित मिनिटांचा पोस्टपेड प्लॅन आहे आणि एकाच फोनमध्ये दोन सिम आहेत. त्यातलं एक कामाचं. महिनाअखेरीला कामाच्या कॉलचा हिशोब वेगळा द्यावा लागतो, म्हणून हे ॲप टाकलं आणि बरेच महिने झाले तरी ते फोनवर टिकून आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. अँड्रॉइडवरची या जातीची बहुतेक ॲप्स एकाच विहिरीचं पाणी भरतात, ती विहीर म्हणजे फोनचा कॉल लॉग, फोनने ठेवलेली कॉलची नोंदवही. त्यामुळे खालचं बरंचसं त्या सगळ्यांना लागू पडेल. तुमच्या प्लॅनमध्ये कॉल अमर्याद असतील आणि कुणाला हिशोबही द्यायचा नसेल, तर खुशाल इथेच थांबा, तुम्हाला याची गरज नाही.

हे ॲप घड्याळ लावून बसलेलं नसतं. कॉल संपला की नोंद फोनच करतो: नंबर, तारीख-वेळ, आलेला की केलेला, किती सेकंद चालला, कोणत्या सिमवरून. ॲप ती नोंद वाचतं, आपल्याकडे उतरवून घेतं आणि आपण दिलेल्या नियमांनुसार बेरीज करतं. यातला फायदा असा की बॅटरी वाचवायच्या नादात फोनने ॲप मागच्या मागे बंद केलं तरी मिनिटं हरवत नाहीत. पुढच्या वेळी उघडलं की राहिलेल्या नोंदी आपोआप जमा होतात. मात्र तोवर विजेटवरचा आकडा शिळा राहतो आणि ‘८० टक्के मिनिटं संपली’ हा इशारा मिनिटं संपून गेल्यावर येऊ शकतो. इशाऱ्यासाठीच ॲप घेत असाल, तर बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून त्याला वगळणं हे पहिलं काम.

उतरवून घेण्यालाही महत्त्व आहे. अँड्रॉइडचा मूळ कॉल लॉग साधारण शेवटच्या ५०० नोंदी ठेवतो, त्याआधीच्या पुसल्या जातात. दिवसभर फोनवर असणाऱ्याच्या हातात जुना महिना राहतच नाही. म्हणून ॲप टाकल्या दिवशी मागचं सगळं दिसेल ही अपेक्षा ठेवू नका, खरा इतिहास तिथून पुढे साठायला लागतो. आणखी एक: फोनच्या लॉगमधून एखादा कॉल पुसला तरी ॲपने घेतलेली प्रत तशीच राहते. हिशोबाला हे बरं, पण फोन घरात दोघं-तिघं हाताळत असतील तर ध्यानात ठेवा.

आता पल्स, म्हणजे कंपनी बोलण्याचा वेळ ज्या तुकड्यांत मोजून बिल लावते तो तुकडा. या ॲपची सगळ्यात जास्त किंमत मला इथे कळली. लॉग सेकंदांत असतो आणि बिल पल्समध्ये. मिनिटाचा पल्स असेल तर ६१ सेकंदांच्या कॉलची दोन मिनिटं लागतात. वीस-वीस सेकंदांचे शंभर कॉल धरा: ‘निघालास का’, ‘पोचले’, ‘खाली ये’. प्रत्यक्ष बोलणं झालं ३३ मिनिटं २० सेकंद, पण मिनिटाच्या पल्सने खात्यातून गेली पूर्ण शंभर. आपण लांबलचक गप्पांना दोष देत राहतो आणि प्लॅन खातात हे छोटे कॉल. ॲपमध्ये प्रत्यक्ष वेळ आणि पल्सप्रमाणे वेळ असे दोन आकडे शेजारी-शेजारी दिसतात, आणि प्लॅन बदलायचा की नाही हे ठरवताना मी त्या दोन आकड्यांमधला फरकच पाहतो. फरक मोठा असेल तर जास्त मिनिटांपेक्षा सेकंदाच्या पल्सचा प्लॅन स्वस्त पडण्याची शक्यता असते. कंपनीच्या ॲपमध्ये शिल्लक मिनिटं दिसतात, हा फरक दिसत नाही.

पण पल्स ॲपला आपोआप कळत नाही, तो भरावा लागतो. बिलिंग सायकल कोणत्या तारखेला सुरू होते, येणारे कॉल धरायचे की नाही, रोमिंगमध्ये धरायचे का, कोणते नंबर फुकट, हे सगळं एकदा बसून भरायचं. सेटिंग्जची पानं रटाळ आहेत. ती न भरता ‘आकडे चुकीचे’ म्हणून एक तारा देणाऱ्यांचे अभिप्राय ढिगाने सापडतील. नंबरच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनी ओळखायची सोयही ॲपमध्ये आहे. जिथे नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते तिथे ती निरुपयोगी आहे, बंदच ठेवा.

एवढं करूनही बिल आणि ॲप तंतोतंत जुळत नाहीत. कारणं एकदा कळली की त्याचा त्रास होत नाही. टोल-फ्री नंबर लॉगमध्ये साध्या कॉलसारखेच दिसतात, तेव्हा ते वगळलेल्या यादीत हाताने टाकावे लागतात. एखाद्या हेल्पलाइनवर पाऊण तास संगीत ऐकत बसलात तर ॲपच्या मते तुमची पाऊण तासाची मिनिटं गेलेली असतात. कॉन्फरन्स कॉलचं उलट: दोघांना फोन लावून जोडलंत तर ते दोन स्वतंत्र कॉल असतात आणि दोन्हींचं मीटर चालू असतं. अर्धा तास बोलणं झालं आणि ॲप जवळपास तासभर दाखवतंय, तर ॲप बरोबर आहे.

कॉल फॉरवर्डिंग मात्र ॲपच्या आवाक्याबाहेरचं. दुसऱ्या नंबरवर वळवलेला कॉल नेटवर्कच पुढे जोडतं, त्याचा कालावधी तुमच्या फोनला कळतच नाही. पण वळवलेल्या भागाची मिनिटं सहसा वळवणाऱ्याच्याच खात्यातून जातात. कामाचा नंबर सुट्टीत दुसरीकडे वळवत असाल तर ॲपमध्ये शांतता आणि बिलात मिनिटं, असं चित्र दिसेल. रोमिंगमध्ये चित्र उलटं असतं. दुसऱ्या नेटवर्ककडून नोंदी यायला वेळ लागतो, म्हणून कंपनीची शिल्लक मागे रेंगाळते आणि ॲप पुढे असतं. प्रवासात मी ॲपचाच आकडा धरतो.

वायफाय कॉलिंगबद्दल लोक गोंधळतात. फोनच्या नेहमीच्या डायलरमधून (नंबर लावायच्या ॲपमधून) वायफायवर लागलेला कॉल लॉगमध्ये नेहमीसारखाच येतो आणि बहुतेक प्लॅनमध्ये नेहमीसारखाच मोजला जातो. व्हॉट्सॲपचा कॉल म्हणजे निव्वळ डेटा, त्याची मिनिटं प्लॅनमधून जात नाहीत. काही फोनच्या लॉगमध्ये असे कॉलही डोकावतात, तेव्हा ॲपने ते बेरजेत ओढलेले नाहीत ना, हे सुरुवातीला एकदा पाहून घ्या.

डेटा मोजायची सोयही याच ॲपमध्ये आहे, पण मला तिचा फारसा उपयोग झाला नाही. ठरावीक तारखेपासूनचा वापर, इशारा आणि मर्यादा हे सगळं अँड्रॉइडमध्ये २०११ च्या ४.० आवृत्तीपासून आहे. त्यात जीबी म्हणजे १००० च्या पटीतला की १०२४ च्या, हा घोळ आहेच. जीबीच्या पातळीवर हा फरक सात टक्क्यांहून जास्त होतो. तुमची कंपनी कोणती पट धरते ते बिलावर पाहा.

खरा विचार करायला लावणारा भाग परवानगीचा. कॉल लॉग वाचू दिला की कोण कुणाशी कधी आणि किती वेळ बोलतं, हे सगळं ॲपसमोर उघडं होतं. बोललेला शब्द न ऐकताही त्यातून माणसाबद्दल पुष्कळ कळतं. गूगलने ऑक्टोबर २०१८ मध्ये प्ले स्टोअरवर यासाठी कडक नियम जाहीर केले. ही परवानगी मुख्यतः फोनच्या डीफॉल्ट डायलरसारख्या ॲप्सपुरती ठेवली आणि बाकीच्यांना वेगळी मंजुरी घ्यावी लागू लागली. माझं ॲप म्हणूनच स्वतःला डीफॉल्ट डायलर करा म्हणतं. केलं. मिनिटं नीट मोजतं, पण त्याचा डायलर सुमार आहे: देवनागरीत साठवलेली नावं रोमन अक्षरं टाइप करून सापडत नाहीत आणि कॉल चालू असताना स्पीकरचं बटण शोधावं लागतं. ॲप निवडताना मी एकच कसोटी लावली, ती म्हणजे इंटरनेटची परवानगी न मागणारं ॲप. अँड्रॉइड इंटरनेटसाठी वेगळं विचारत नाही, ती मुकाट्याने मिळते, त्यामुळे स्टोअरच्या पानावर परवानग्यांची पूर्ण यादी उघडून पाहावी लागते. जाहिराती दाखवणारं ॲप या कसोटीत बसूच शकत नाही.

आयफोनवाल्यांना हा प्रश्नच नाही, कारण तिथे बाहेरच्या ॲपला कॉल लॉग वाचताच येत नाही. सेटिंग्जमध्ये सेल्युलरखाली बोलण्याचा एकूण वेळ दिसतो, पण ‘चालू कालावधी’ दर महिन्याला हाताने शून्यावर आणावा लागतो. जुन्या कीपॅड फोनमधला कॉल टायमरही असाच असायचा. जीएसएम या मोबाइल नेटवर्कच्या मानकात तर कॉलचा खर्च हँडसेटवर दाखवणारी ‘ॲडव्हाइस ऑफ चार्ज’ नावाची सेवाच ठरवून ठेवली होती. म्हणजे ग्राहकाने स्वतः मोजावं ही कल्पना नवी नाही, मध्येच कुठेतरी ती सोडून दिली गेली.

कामाच्या हिशोबासाठी मी दर महिन्याला कामाच्या सिमची सीएसव्ही फाइल (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी यादी) काढतो. ही सोय चांगली आहे, फक्त फाइल एक्सेलमध्ये थेट उघडू नका. अधिकचं चिन्ह आणि सुरुवातीचं शून्य गायब होतं, लांब नंबर विचित्र रूपात दिसतात आणि देवनागरी नावांची बहुधा चौकटी-चिन्हांची खिचडी होते. ‘डेटा’ मेनूतून इम्पोर्ट करून एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ ठेवा आणि नंबरचा रकाना ‘टेक्स्ट’ करा. फोन बदलताना आधी ॲपचा बॅकअप नव्या फोनवर परत आणा आणि मगच त्याला कॉल लॉगची परवानगी द्या. उलट क्रमाने केलं तर नव्या फोनवर आलेले जुने कॉल आणि बॅकअपमधले कॉल दोन्ही मोजले जातात, आणि ती दुबार मिनिटं एकेक करून काढण्याची सोय या ॲपमध्ये अजून नाही.